पोटखराब

तुम्ही असे फोटो नक्की पाहिले असतील. एकाच डोंगराचे दोन फोटो शेजारीशेजारी. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. डावीकडे तपकिरी उतार, उघडे दगड, एखादी खुरटी बाभूळ. उजवीकडे तोच उतार हिरवागार, चरांत साठलेलं पाणी, रोपांच्या ओळी. खाली हजारो लाइक्स. या फोटोंमागे राबलेल्या लोकांबद्दल मला आदर आहे. मे महिन्याच्या उन्हात टिकाव मारणं काय असतं ते मला माहीत आहे. पण मी दुष्काळी भागातली असल्यामुळे माझ्या मनात आधी एक खोडकर प्रश्न येतो : डावीकडचा फोटो कोणत्या महिन्यातला, आणि उजवीकडचा कोणत्या? मे महिन्यात आमच्याकडचा कुठलाही माळ तपकिरी दिसतो. सप्टेंबरात, पाऊस बरा झाला असेल तर, कुठलाही माळ हिरवा दिसतो. मग त्याला कोणी हात लावलेला असो वा नसो.

महिन्याचा प्रश्न तारीख विचारली की सुटतो. त्याच्या मागचे प्रश्न तसे सुटत नाहीत. जमीन दुरुस्त केली असं आपण म्हणतो, तेव्हा ती आधी बिघडलेली होती हे कोणी ठरवलं? ती 'नीट' असणं म्हणजे कसं असणं? आणि या दुरुस्तीचा खर्च शेवटी कोणाच्या ताटातून गेला? माझ्यासाठी हे प्रश्न पुस्तकातले नाहीत, कारण या वर्षी आमच्या घरात त्यावर निर्णय घ्यायचा होता.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आमची जमीन आहे. खालची ४ एकर जिरायत, त्यात बाजरी, मटकी, आणि साधलं तर ज्वारी. वरची ९ एकर माळ. सातबाऱ्यावर त्या ९ एकरांपुढे एकच शब्द आहे : पोटखराब. म्हणजे लागवडीला लायक नसलेली जमीन. वडिलांनी माझं आणि धाकट्या भावाचं नाव लावलं आणि म्हणाले, आता तुमचं तुम्ही ठरवा. भाऊ गावी असतो, मी पुण्यात नोकरी करते.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. भावाचं म्हणणं, माळ सौरऊर्जेला भाड्याने द्यावा. सौर कृषी वाहिनीच्या सरकारी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळू शकतं. ९ एकरांचे साधारण साडेचार लाख होतात. आमच्या जिरायतीने कुठल्याच वर्षी एवढे पैसे पाहिलेले नाहीत. दुसरी वाट शहरातल्या एका संस्थेने सुचवली. सगळ्या माळावर जेसीबीने चर मारून ५ हजार झाडं लावून देतो, एक पैसा घेणार नाही, फक्त चराई कायमची बंद करा. तिसरी वाट कोणी कागदावर मांडली नव्हती, ती दर पावसाळ्यात चालत येते. एका धनगर कुटुंबाची मेंढरं आषाढापासून दिवाळीपर्यंत आमच्या माळावर चरतात. दिवाळीनंतर त्यांचा वाडा खाली कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात जातो. परत येताना पेरणीच्या आधी चार-पाच रात्री मेंढरं आमच्या शेतात बसवायची, लेंड्यांचं खत आम्हाला, त्याबदल्यात धान्य त्यांना. त्यांच्या आजोबांनी आणि आमच्या आजोबांनी हे ठरवलं होतं. कागद कुठेच नाही.

गंमत म्हणजे तिन्ही वाटा चांगल्याच आहेत. सौरऊर्जा पर्यावरणाची, झाडं पर्यावरणाची, मेंढरंही परंपरेची. चांगलं आणि वाईट यांत निवडायचं असतं तर एवढं डोकं लागलं नसतं.

आधी या जमिनीबद्दल थोडं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. सह्याद्री ढगांना अडवून घेतो आणि आमच्याकडे येतो तो उरलेला वारा. आषाढात हा वारा रात्रंदिवस वाहतो. डोक्यावरून काळे ढग जातात, थांबत नाहीत. कुठे पत्रे उडतात, कुठे नांगरलेल्या रानातली वरची माती धुळीसारखी उडून जाते. याच वाऱ्यामुळे साताऱ्याच्या आणि सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. लोक म्हणतात, माणदेशावर पाऊस रुसला. मला हा शब्द पटत नाही. रुसलेला माणूस कधीतरी समजूत काढून घेतो. सह्याद्री उभा आहे तोवर इथलं हवामान असंच असणार. हा इथला स्वभाव आहे, आजार नव्हे.

पण कागद तसं मानत नाही. इंग्रजांच्या महसूल व्यवस्थेत ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती 'वेस्ट', म्हणजे वाया गेलेली. जमिनीकडे पाहण्याचा एकच चष्मा होता, वसुलीचा. इंग्रज गेले, चष्मा राहिला. आजही केंद्र सरकार 'वेस्टलँड्स अ‍ॅटलस' नावाचा नकाशासंग्रह काढतं आणि त्यात झुडपी रानं आणि खालावलेली चराऊ कुरणंही धरलेली असतात. आपल्या बोलीत मात्र या जमिनींना किती नावं आहेत पाहा : माळ, गायरान, कुरण, वरकस, मुरमाड, खडकाळ, चोपण. प्रत्येक नाव काहीतरी माहिती देतं. पोटखराब हे नाव फक्त नापास करतं. आणि जमीन एकदा नापास ठरली की तिच्यावर काहीही करायला परवानगी मिळाल्यासारखं होतं. तिथे जे काही कराल ते सुधारणाच.

आता इथे कोणी म्हणेल, माळ म्हणजे जंगल तोडून उरलेला सांगाडाच ना? शाळेत आपल्याला असंच वाटायला लावतात. पूर्वी सगळीकडे घनदाट अरण्य होतं, माणसाने तोडलं, उरला तो माळ. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे तपासायला एक वेगळाच पुरावा वापरला : जुनं मराठी साहित्य. १३व्या शतकापासूनच्या ग्रंथांत, चरित्रांत, ओव्यांत आणि लोकगीतांत कुठल्या ठिकाणी कोणती झाडंझुडपं आणि कसलं रान येतं, हे त्यांनी चाळून पाहिलं. पश्चिम महाराष्ट्राचा हा पट्टा निदान ७५० वर्षांपासून तरी गवताळ आणि विरळ झाडीचाच आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे आमचा माळ हा कुठल्या हरवलेल्या जंगलाचा अवशेष नसण्याचीच शक्यता जास्त. तो मुळातला माळ आहे.

आणि तो रिकामाही नाही. लांडगा हा उघड्या रानातला प्राणी. खोकड, चिंकारा, काळवीट, धाविक, माळटिटवी, चंडोल, यांना गच्च झाडी नको असते. माळढोकाचं तर नावच माळावरून आहे. त्याच्यासाठी सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. आज तो पक्षी जगात दोनशेही उरलेला नाही आणि नान्नजच्या माळावर दिसणं जवळपास संपलंय. गवत, कीटक, ससे, घोरपडी, लांडगे, मेंढरं, धनगर, ही सगळी एकमेकांना बांधलेली साखळी आहे. मे महिन्यात ती डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

हे सांगून मला माळाची आरती ओवाळायची नाही. आमचा माळ जखमी आहे आणि तेही खरंच आहे. वरच्या अंगाची ३ एकर आता नुसता मुरूम आणि दगड आहे. आजोबांच्या तरुणपणी, धान्याची टंचाई असताना, तिथे नांगर घालून हुलगा पेरायचे. चढावर नांगर घालू नये हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, घरात खायला नव्हतं. दोन-चार वर्षांत माती वाऱ्याने आणि वळवाच्या पाण्याने गेली, मग ते रान सोडून दिलं. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागू शकतात. जायला एक वळीव पुरतो. मधल्या भागात एक ओघळ होती, ती दर वर्षी खोल होत होत आता माणूसभर घळ झाली आहे. आणि खालच्या भागात गवत आहे, पण गवताची जात बदलली आहे. वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी इथे मारवेल आणि पवन्या होता, मेंढरं आणि बैल दोन्ही आवडीने खायचे. आता बरंचसं कुसळी. पायजम्याला टोचते, मेंढरांच्या लोकरीत अडकते, कोवळी असतानाच काय ती खाल्ली जाते. चांगलं गवत बी धरायच्या आधीच दर वर्षी खाल्लं गेलं की हळूहळू संपतं आणि कुसळी जागा घेते. गवत ओळखणाऱ्याला माळाची नाडी लागते.

म्हणजे एकाच ९ एकरांत काही भाग मुळातच असा आहे आणि काही भागाला आपण असं केलंय. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. डोळे इथे फसवतात, आणि दोन्ही बाजूंनी फसवतात. त्याचं एक दूरचं उदाहरण मला फार शिकवून गेलं, आइसलँडचं. तिथेही वारा, तिथेही मेंढ्या, फक्त उन्हाऐवजी बर्फ. ९व्या शतकाच्या अखेरीस तिथे माणसं राहायला आली, तेव्हा देशाचा निदान चौथा हिस्सा बर्चच्या झाडीखाली होता असं मानलं जातं. सरपणासाठी तोड आणि वर्षानुवर्षं चराई झाली. त्यात ज्वालामुखीच्या राखेची हलकी माती, तिला धरून ठेवणारी मुळं गेली आणि वाऱ्याने ती उचलली. आज तिथे नैसर्गिक बर्च दीडेक टक्का जमिनीवर उरला आहे. जमीन वाचवण्यासाठी त्यांनी १९०७ साली सरकारी खातं सुरू केलं. पण इन्स्टाग्रामवर आइसलँडची ती काळी, उघडी वाळवंटं पाहून आपण म्हणतो, काय अस्पर्श निसर्ग! म्हणजे तिथे जखम पाहून आपल्याला सौंदर्य वाटतं आणि इथे धडधाकट माळ पाहून आपल्याला जखम वाटते.

आइसलँडची गोष्ट इथे संपत नाही. १९४५ मध्ये तिथल्या वनखात्याने अलास्कातून लुपिन नावाची जांभळ्या फुलांची वनस्पती आणली. ती उघड्या जमिनीत जगते, हवेतला नायट्रोजन जमिनीत बसवते, माती धरते. काम झालं. पण ती थांबेना. जिथे मूळचं शेवाळ आणि बुटकी झुडपं धड होती तिथेही ती शिरली. आज काही लोक तिला देशाची तारणहार म्हणतात आणि काही लोक हातात कोयते घेऊन तिला उपटतात. दोघंही जमिनीवर प्रेम करणारेच आहेत. फोटो मात्र अप्रतिम येतात.

मग दुरुस्ती म्हणजे काय? 'पूर्वीसारखं करणं' हे उत्तर लगेच अडखळतं. पूर्वी म्हणजे कधी? माझ्या वडिलांच्या लहानपणी? आजोबांनी नांगर घालण्याआधी? ज्ञानेश्वरांच्या काळात? कुठलंही साल निवडलं तरी ते आपण निवडलेलं असतं, जमिनीने नव्हे. आणि त्या सालाला घेऊन जाणारी एसटी नाही.

माझ्या मनात हळूहळू एक वेगळी कसोटी तयार झाली. जमीन कशी दिसते यापेक्षा तिला काय धरून ठेवता येतं ते पाहावं. पडलेलं पाणी ती धरते का? माती धरते का? बी धरते का? ज्या जमिनीला हे तिन्ही जमतं ती उघडी दिसली तरी ठीक आहे. जिला जमत नाही ती हिरवी दिसली तरी आजारी आहे. आणि दुरुस्तीचं काम म्हणजे ही ताकद परत येईल एवढंच करून बाजूला होणं. हाड बसवणारा हाड बसवतो आणि बांधतो, ते जोडायचं काम शरीरच करतं. हात मोडलेल्या माणसाला तिसरा हात लावून कोणी त्याला बरा केला म्हणत नाही.

या कसोटीवर संस्थेची योजना तपासली. सगळ्या ९ एकरांवर चर मारायचे, म्हणजे खालच्या भागात जिथे गवताची मुळं अजून माती धरून आहेत, तिथेही जेसीबीने ती उलटी करायची. पाणी अडवण्यासाठी पाणी अडवणारी गोष्टच खोदून काढायची. झाडं कोणती, असं विचारलं तर यादीत पहिलं नाव गिरिपुष्प. हे मध्य अमेरिकेतलं झाड, फांदी खोचली तरी जगतं, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. म्हणूनच ते लावणाऱ्यांना आवडतं : जगण्याची टक्केवारी चांगली येते. पण जे कोणी खात नाही ते माळावर लावून माळाचं काय भलं होणार? त्याची सावली पडली की खालचं गवत विरळ होतं, कारण माळाच्या गवताला ऊन लागतं.

झाडांना माझा विरोध नाही. आमच्या बांधावरच्या बोरी, बाभळी, हिवर हवेतच, घळीच्या काठाला तर आणखी हवेत. पण महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडांची उद्दिष्टं ठरली, तेव्हा एवढी झाडं लावायला जागा कुठून येणार होती? पिकाऊ जमीन कोणी देत नाही. ज्या जमिनीपुढे नापास लिहिलंय तिकडेच सगळे वळतात. झाड मोजता येतं, त्याच्यासोबत फोटो काढता येतो. गवत मोजायचं कसं आणि त्याच्यासोबत फोटो काढणार कोण? कार्बनचं म्हणाल तर गवताळ रानात तो मुळ्यांत आणि मातीत, म्हणजे जमिनीखाली असतो. तिथे कॅमेरा पोहोचत नाही.

तरीही 'काहीच करू नका, निसर्ग बघून घेईल' हे म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. ती घळ बघून घेणार नाही, ती फक्त खोल होईल. काहीतरी करायलाच हवं, आणि त्यातलं बरंचसं 'करणं' हे खरं तर 'न करणं' असतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट सर्वांना माहीत आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे ते गाव बदललं. आपण त्यातले चर, बंधारे, झाडं लक्षात ठेवतो. पण तिथलं अवघड काम वेगळं होतं : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर नाही, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. चर महिनाभरात खोदता येतात. स्वतःला लावलेली बंदी दर वर्षी, दर दिवशी पाळावी लागते.

इथे मला दुसरा प्रश्न आडवा येतो, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. बंदी सर्वांना सारखी लागत नाही. चराई बंद झाली की बागायतदाराचं काही अडत नाही, त्याच्या गोठ्यात कडबा असतो. अडतं ते ज्याच्याकडे जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत त्याचं. विहिरींचं पाणी वाढतं, पण विहीर ज्याची आहे त्याचीच. म्हणजे त्याग भूमिहीनाचा आणि पीक जमीनवाल्याचं. डोंगर हिरवा झाला हे खरं, पण त्यासाठी कोणीतरी शेळ्या विकल्या हेही खरं.

हा हिशेब आपल्याकडे कोणी मांडलाच नाही असं नाही. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानची ४० एकर उजाड जमीन घेऊन पाणलोटाचं काम उभं केलं, आणि त्यातून पाणी पंचायत निघाली. तिचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, माणसांच्या मापाने वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. उसाला पाणी नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. मला हा नियम कुठल्याही चरापेक्षा खोल वाटतो. डोंगर सगळ्यांचा घाम आणि सगळ्यांचा संयम पिऊन बरा होतो, तर त्याचं पाणीही सगळ्यांचं, हा त्यामागचा विचार. तंत्र कुठेही नेता येतं. हा विचार न्यायला लोक कचरतात.

आमच्याकडे भूमिहीनाच्या जागी मेंढरंवाले मामा आहेत. यंदा त्यांच्याशी बोलले. संस्थेची योजना सांगितली. ते ऐकत होते, हातातल्या काठीने जमीन टोकरत होते. मग म्हणाले, "बंद ठेवा की. गवात वाढंल, माज्या डोळ्याला काय वाईट दिसंल व्हय? पन तेवडी वरसं मेंढरं काय खात्याल, ते तुमीच सांगा."

मी म्हटलं, "मामा, गवत संपलंय ते मेंढरांनीच ना?"

"खरं हाय," ते म्हणाले. "पन आदी ह्या माळावर आमची मेंढरं आठ दिवस असायची. आता दोन म्हयनं असत्यात. का? पलीकडचं गायरान गेलं, वरचं पठार तारेच्या कुंपनात गेलं, फारेस्टात सोडत न्हाईत. मेंढरं तेवडीच हायत. रान आकसलं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण म्हणतो, अतिचराईने जमीन खालावली. वाक्य बरोबर आहे, पण ते अर्ध्यातच थांबतं. मेंढरं अति झाली की रान कमी झालं? एक एक गायरान कोणत्या ना कोणत्या चांगल्या कामासाठी गेलं, आणि उरलेल्या रानावरचा सगळा भार ज्याच्या पाठीवर आला, त्यालाच आपण जमीन बिघडवणारा ठरवलं. त्याला हाकलून केलेली दुरुस्ती म्हणजे ढिगातला शेवटचा माणूस बाहेर काढून गर्दी हटवल्याचं समाधान.

भावाचा मुद्दाही मला टाळता येत नव्हता. तो एका रात्री म्हणाला, "ताई, तुला महिन्याला पगार आहे. चंडोलाचं गाणं तुला परवडतं. माझ्या पोरांची फी गवत भरणार आहे का?" यात राग होता, पण त्याहून जास्त न्याय होता. माळ वाचावा असं मला वाटतं आणि त्यासाठी साडेचार लाख सोडायचे त्याने, ही तीच जुनी रीत झाली. इच्छा एकाची, खर्च दुसऱ्याचा. शहरातून झाडं घेऊन येणाऱ्या संस्थेत आणि माझ्यात मग फरक काय राहिला?

तेव्हा माझ्यापुरता एक नियम मी काढला. ज्याला दुरुस्ती हवी आहे, त्याने आधी स्वतःच्या खिशात हात घालावा. आणि जो त्या जमिनीवर आधीपासून जगतो आहे, त्याला विचारल्याशिवाय पहिला दगड हलवू नये. नियम काही मोठा तात्त्विक नाही. पण आजूबाजूला पाहिलं तर तो पाळलेला फारसा दिसत नाही.

आम्ही ठरवलं ते असं. वरची ३ एकर, जिथे माती उरलेलीच नाही, ती सौरऊर्जेला द्यायची. भाडं मिळालं तर ते पूर्ण भावाचं, माझा वाटा मी सोडला. उरलेल्या ६ एकरांवर जेसीबी नाही, सरसकट लागवड नाही. घळीत वरून खाली, टप्प्याटप्प्याने दगडाचे छोटे बांध. दगड माळावरचेच, मजुरी माझ्याकडून. घळीच्या काठाला बोर आणि बाभूळ, ती आपोआप येतील तिथे फक्त राखायची. आणि ६ एकरांचे तीन तुकडे. दर पावसाळ्यात एक तुकडा गवताचं बी पडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, बंद. बाकी दोन मामांच्या मेंढरांना मोकळे. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा बंद. कोणता आधी बंद ठेवायचा हे मामांनी सांगितलं, कारण कुठे मारवेलाची थोडी बेटं उरली आहेत हे त्यांनाच माहीत होतं.

हा तोडगा आदर्श नाही. भावाला दीड लाखांवर समाधान मानावं लागतंय, मामांना एक तुकडा सोडावा लागतोय. पॅनेलच्या कुंपणामुळे खोकडाची एक वाट अडेल, हेही मला दिसतंय. ५ वर्षांनी पुन्हा बसायचं ठरलंय. तोवर मारवेल परत आली नसेल तर ठरवलेलं बदलावं लागेल. घळीतले पहिले सात बांध वैशाखात रचून झाले. त्यांच्यामागे पहिल्या वळवाने वीतभर गाळ धरला.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. मामांचा नातू दहावीला आहे. तो मेंढरांमागे जाणार नाही म्हणतो, आणि त्याला जा म्हणायचा अधिकार मला नाही, मी स्वतः पुण्याला आले आहे. अजून वीस वर्षांनी या माळावर मेंढरं नसतीलही. मग ६ एकर कोणासाठी राखली असं माझी भाचरं विचारतील. त्यांना तेव्हा जे योग्य वाटेल ते ती ठरवतील, आणि त्यांचे प्रश्न आमच्यापेक्षा वेगळे असतील. त्यांना निवड करता यावी म्हणून तोवर जमिनीत माती असायला हवी आणि मातीत बी. सातबाऱ्यावरचा शब्द काही बदलणार नाही. यंदा जो तुकडा बंद आहे तिथलं गवत गुडघ्याच्या वर आलंय, आणि बी पडायला अजून महिना आहे.